उताऱ्यातून इंग्रजी व्याकरण: आठवी ते दहावीसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. व्याकरण मी जवळपास सगळं छोट्या उताऱ्यांतूनच घेते. त्यामुळे मुलं, पालक आणि आसपासच्या शाळांमधले शिक्षक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाला काही अर्थ नाही. आपल्या कामाचा प्रश्न शोधावा, बाकीचे सोडून द्यावेत.

उताऱ्यातून व्याकरण म्हणजे नेमकं काय करायचं?

सहा-आठ वाक्यांचा सलग मजकूर घ्यायचा आणि नियम त्यातच शोधायचा. नमुना म्हणून माझ्या वर्गातला एक उतारा देते:

‘लोणार इज अ स्मॉल टाऊन इन बुलढाणा डिस्ट्रिक्ट. देअर इज अ लेक निअर द टाऊन. द लेक इज ऑलमोस्ट राउंड. इट वॉज फॉर्म्ड व्हेन अ मीटिओराइट हिट द अर्थ. द वॉटर ऑफ द लेक इज सॉल्टी. इन जून २०२० द वॉटर टर्न्ड पिंक.’

सहाच वाक्यं, पण आता प्रश्न विचारून बघा. पहिल्या तीन वाक्यांत ‘इज’ आहे, चौथ्यात एकदम ‘वॉज’ का आलं? कारण तळं आजही गोल आहे, पण ते तयार व्हायचं काम कधीच होऊन गेलं. मग पाचव्यात पुन्हा ‘इज’ कसं? पाणी आजही खारं आहे. सहाव्यात ‘टर्न्ड’, कारण ती २०२० च्या जूनमधली घटना. ‘हिट’ला एस का लागला नाही? उल्का एकच, म्हणजे वर्तमानकाळ असता तर ‘हिट्स’ असतं. एस नाही, अर्थात हा भूतकाळ आहे, या क्रियापदाचं रूप तेवढं बदलत नाही. ‘अ लेक’ पुढच्याच वाक्यात ‘द लेक’ कसं झालं? ‘वॉज फॉर्म्ड’मध्ये तळं कोणी केलं हे का सांगितलं नाही?

एवढ्यात काळ, आर्टिकल (‘अ’, ‘ॲन’, ‘द’) आणि पॅसिव्ह (कर्मणी प्रयोग) असे तीन धडे झाले. शिवाय लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं हे कळल्यावर मागच्या बाकावरचाही मान वर करतो.

माझ्या मुलाला ‘डू ॲज डायरेक्टेड’मध्ये (सूचनेप्रमाणे वाक्य बदला) पैकीच्या पैकी गुण पडतात, पण चार ओळींचं पत्र लिहिताना प्रत्येक ओळीत चूक. असं कसं?

हा पालकांचा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. यात मुलाचा दोष थोडाच आहे.

सुट्या वाक्यात निम्मं उत्तर प्रश्नानेच दिलेलं असतं. ‘चेंज इंटू सिंपल पास्ट’ असं वर लिहिलं की मुलाला फक्त ‘गो’चं ‘वेन्ट’ करायचं उरतं. पत्र लिहिताना मात्र इथे भूतकाळ हवा की नको हे त्याचं त्यालाच ठरवावं लागतं, आणि त्या ठरवण्याचा सराव त्याने कधी केलेलाच नसतो. रूपं तोंडपाठ आहेत, कधी कुठलं वापरायचं ते ठाऊक नाही. पोहण्याचे हात कोरड्या जमिनीवर मारून झालेत, विहिरीत अजून उतरलेलाच नाही.

दुसरं असं की इंग्रजीतल्या काही गोष्टी एका वाक्यात दिसूच शकत नाहीत. ‘द’ यायचं कारण बऱ्याचदा मागच्या वाक्यात असतं. ‘ही’, ‘इट’, ‘दे’ कोणासाठी आलं ते मागे वळून बघितल्याशिवाय कळत नाही. ‘हॅड गॉन’ वापरायचं तर आधी दुसरी एखादी भूतकाळातली घटना लागते. सुट्या वाक्यात हे सगळं हवेत लोंबकळतं.

मग सुटी वाक्यं अजिबात सोडवायचीच नाहीत का?

सोडवावीत की. रूपं पक्की व्हायला ती हवीतच. ‘टीच’चं ‘टॉट’ होतं हे उतारा वाचत बसून पाठ होत नाही, ते घोकावंच लागतं.

उतारा केवढा असावा?

आठवीला ५० ते ६० शब्द, दहावीला फार तर १००. मोठा घेतला की मुलं अर्थाच्या मागे लागतात आणि व्याकरण सुटतं. अनोळखी शब्द चार-पाचच्या वर नकोत. शब्दकोश सारखा उघडावा लागला तर तो उतारा वाचनाचा आहे, व्याकरणाचा नव्हे.

या पानावर इंग्रजी वाक्यं देवनागरीत का लिहिली आहेत?

हे पान बरेच पालक मोबाइलवर वाचतात. त्यांतल्या अनेकांना देवनागरी सहज वाचता येते, रोमन वाचताना अडखळायला होतं. वाक्य मोठ्याने वाचून मुलाकडून वहीत लिहून घेता यावं, हा हेतू. वहीत मात्र इंग्रजी रोमन लिपीतच लिहायचं, स्पेलिंगसकट.

चांगले उतारे कुठे मिळतात?

आधी घरातच बघा. धाकट्या भावंडाचं इंग्रजीचं पुस्तक काढा. नववीच्या मुलाने सातवीच्या पुस्तकातला उतारा घेतला तर शब्द ओळखीचे निघतात आणि सगळं लक्ष रचनेवर राहतं. यात कमीपणा काही नाही. पुस्तक हाताशी नसेल तर बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. आपलं तृतीय भाषेचं ‘माय इंग्लिश कोर्सबुक’ झालं असेल तर इंग्रजी माध्यमाच्या खालच्या इयत्तांच्या इंग्रजी पुस्तकांमध्येही डोकावून बघा.

त्यानंतर छापील इंग्रजीचे बाकीचे कपटे: ओआरएसच्या पाकिटावरची कृती, खताच्या पिशवीवरची सूचना, क्रिकेट सामन्याच्या बातमीतला एक परिच्छेद. कृतीत आज्ञार्थ मिळतो, बातमीत भूतकाळ. अग्रलेख मात्र नको. चांगली इंग्रजी शिकायची तर अग्रलेख वाच, असं प्रत्येक नातेवाईक सांगतो. आठवीतल्या पोराला त्यातून फक्त इंग्रजीची धास्ती मिळते.

शिक्षकांनी उतारे स्वतः लिहावेत, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. एसटी चुकली, विहिरीवरची मोटार जळली, जत्रेत धाकटी बहीण हरवली आणि सापडली, असे विषय घ्यायचे. पंधरा मिनिटांत एक होतो.

एक उतारा किती दिवस वापरायचा?

आठवडाभर. रोज नवा उतारा सोडवून बाजूला टाकणं म्हणजे नुसतीच उरकाउरकी. माझ्या वर्गात एका उताऱ्याचे पाच फेरे होतात, रोज पंधरा-वीस मिनिटांचे.

सोमवारी फक्त मोठ्याने वाचायचा आणि मराठीत सांगायचा. मंगळवारी त्याच उताऱ्यातली आर्टिकलं, शब्दयोगी शब्द किंवा क्रियापदं गाळून देते आणि रिकाम्या जागा भरून घेते. बुधवारी उतारा बदलायचा: ‘आय’च्या जागी ‘माय सिस्टर’ घाला, किंवा ‘एव्हरी डे’च्या जागी ‘यस्टरडे’ घाला, आणि त्यामुळे आणखी काय काय हलतं ते बघा. हा फेरा सगळ्यात मोलाचा, कारण एक शब्द बदलला की सात ठिकाणी धक्के बसतात. गुरुवारी उताऱ्याचं मराठी भाषांतर वहीत लिहायचं आणि वही माझ्याकडे द्यायची. शुक्रवारी मी पुस्तक मिटायला लावते, मराठी भाषांतर परत देते आणि सांगते, आता याचं पुन्हा इंग्रजी करा. मग मूळ उताऱ्याशी ताडून बघायचं. फरक पडला तिथे आपलं मराठी इंग्रजीत घुसलेलं असतं. प्रत्येकाला आपापल्या चुका अशा डोळ्यांसमोर दिसतात, मला बोलावंही लागत नाही.

रिकाम्या जागांच्या या पद्धतीला ‘क्लोज’ म्हणतात. अमेरिकेतल्या विल्सन टेलर यांनी ती १९५३ मध्ये मांडली, ती मजकूर वाचायला किती सोपा आहे हे मोजायला. ठरावीक अंतराने, म्हणजे समजा दर पाचवा शब्द गाळायचा आणि वाचकाला किती भरता येतात ते बघायचं. व्याकरणासाठी असं आंधळेपणाने गाळू नका. जो मुद्दा शिकवायचाय तेवढेच शब्द गाळा, आणि पहिलं वाक्य अख्खं ठेवा, म्हणजे मुलांना पाय टेकायला जागा मिळते.

‘मराठीतून विचार करू नका, थेट इंग्रजीत विचार करा’ असं सगळे सांगतात. ते बरोबर आहे का?

सल्ला ऐकायला छान वाटतो. पण चौदा वर्षं मराठीत वाढलेल्या मुलाने मराठी बंद कशी करायची, ते कोणी सांगत नाही. माझा अनुभव उलटा आहे. मुलाची चूक बघितली की खाली कुठलं मराठी वाक्य आहे ते लगेच ओळखू येतं, आणि ते दाखवून दिलं की चूक सुटते.

‘माय फादर आर अ फार्मर. दे वर्क इन द फील्ड.’ या मुलाला एकवचन-अनेकवचन येत नाही असं नाही. तो वडिलांना मान देतोय. माझे बाबा शेतकरी आहेत, ते शेतात काम करतात. इंग्रजीत आदरार्थी अनेकवचन नाही, तिथे पंतप्रधानांनाही ‘ही’ किंवा ‘शी’च म्हणतात, हे एकदा सांगितलं की पोरं हसतात आणि चूक जाते.

‘यस्टरडे वेन्ट टू मार्केट. बॉट व्हेजिटेबल्स.’ इथे कर्ता गायब. मराठीत ‘काल बाजारात गेलो, भाजी घेतली’ एवढं पुरतं, कारण ‘गेलो’मध्ये ‘मी’ लपलेला आहे. ‘वेन्ट’मध्ये कोणीच लपलेलं नाही, म्हणून तिथे ‘आय’ उघडपणे लिहावा लागतो.

‘ऑलदो ही वॉज इल, बट ही केम टू स्कूल.’ खाली आहे आपली ‘जरी-तरी’ची जोडी. इंग्रजीत दोघांपैकी एकच ठेवायचा. ‘द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय ब्रदर.’ इथे ‘जो-तो’ची जोडी. ‘हू’ म्हणजे ‘जो’ आला, आता ‘तो’ची गरज नाही, म्हणून ‘ही’ काढा. ‘वुई डिस्कस्ड अबाऊट द मॅच’मध्ये ‘सामन्याविषयी’तलं ‘विषयी’ बसलंय, ते उठवा. ‘इफ इट विल रेन’ लिहिणाऱ्याला विचारा, मराठीत काय म्हणशील? ‘पाऊस पडला तर.’ म्हणजे मराठीत आपण उद्याच्या पावसाला भूतकाळाचं रूप देतो! मग इंग्रजी त्याला वर्तमानकाळाचं रूप देत असेल तर एवढं नवल कशाला? ‘इफ इट रेन्स, द मॅच विल नॉट टेक प्लेस.’

आर्टिकल मराठीत नाहीत, मग ती समजणार कशी?

शब्द म्हणून नाहीत, पण कल्पना आहे आणि ती आपल्या कहाण्यांमध्ये लख्ख दिसते. ‘आटपाट नगर होतं. तिथे एक राजा राहत होता. राजाला दोन राण्या होत्या.’ पहिल्यांदा ‘एक राजा’, दुसऱ्यांदा नुसता ‘राजा’. दुसऱ्या वाक्यात कोणी ‘एका राजाला दोन राण्या होत्या’ म्हणालं तर ऐकणारा विचारेल, हा आणखी एक कुठला आला? इंग्रजीतही तसंच: ‘देअर वॉज अ किंग. द किंग हॅड टू क्वीन्स.’ पहिली ओळख ‘अ’, ओळख झाल्यावर ‘द’. श्रावणात आजीच्या मांडीवर बसून कहाणी ऐकलेल्या मुलाला हे आधीपासून येत असतं.

सूर्य, पृथ्वी, आकाश यांना पहिल्याच भेटीत ‘द’ लागतं, कारण ते एकेकच आहेत, ओळख करून द्यायला नको. लोणारच्या उताऱ्यातलं ‘द अर्थ’ बघा. आणि व्हॉवेलसमोर ‘ॲन’ येतो तो कानाने ठरवायचा, अक्षराने नाही. ‘ॲन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’. यापलीकडचे अपवाद दहावीपर्यंत जसे उताऱ्यात भेटतील तसे घ्यावेत. नद्या, पर्वत, वर्तमानपत्रं अशी यादी पाठ करून घेऊ नये.

‘सिन्स’ आणि ‘फॉर’मध्ये नेहमी गोंधळ होतो. सोपी युक्ती आहे का?

गोंधळ होणारच, कारण मराठीत दोन्हीकडे ‘पासून’ आहे. सोमवारपासून आजारी आहे, तीन दिवसांपासून आजारी आहे. मी मुलांना एक कसोटी देते. ‘पासून’ काढून मागे ‘गेले’ किंवा ‘गेली’ लावून बघा. ‘गेले तीन दिवस आजारी आहे’ कानाला बरोबर वाटतं, म्हणून ‘फॉर थ्री डेज’. ‘गेले सोमवार आजारी आहे’ असं कोणी बोलत नाही, म्हणून ‘सिन्स मंडे’.

आणि त्यापुढची चूक अधिक मोठी आहे. ‘मी तीन वर्षांपासून कराडला राहतो’ यातला ‘राहतो’ साधा वर्तमानकाळ, म्हणून मुलं लिहितात ‘आय ॲम लिव्हिंग’ किंवा ‘आय लिव्ह’. इंग्रजीला मात्र मागे सुरू होऊन आजपर्यंत आलेली गोष्ट वेगळी दाखवावी लागते: ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन कराड फॉर थ्री इयर्स.’ सुट्या वाक्यात हे मुलांच्या गळी उतरत नाही. ‘वुई केम टू कराड थ्री इयर्स अगो’ असं एक वाक्य आधी ठेवा आणि नंतर हे द्या, म्हणजे सुरुवात आणि आज यांच्यामधलं अंतर उताऱ्यातच दिसतं.

डायरेक्ट-इनडायरेक्टचा तक्ता पाठ आहे, तरी चुकतं. काय करू?

तक्ता बाजूला ठेव आणि घरातला निरोप आठव. बाबांचा फोन आला, ‘मी उद्या येतो.’ तू आईला काय सांगशील? ‘बाबा म्हणाले, की मी उद्या येतो.’ यातला ‘मी’ कोण? तू नव्हेस, बाबा. म्हणजे निरोप सांगताना मराठी माणूस क्षणभर बोलणाऱ्याच्या जागी जाऊन बसतो आणि त्याचेच शब्द बोलतो. इंग्रजीत निरोप सांगणारा आपल्या जागेवरून उठत नाही. त्यामुळे ‘मी’चा ‘तो’ होतो, ‘येतो’ मागे सरकतो आणि ‘उद्या’ही बदलतो: ‘फादर सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.’ तक्त्यातले सगळे बदल या एकाच कारणाने होतात.

सरावासाठी चार-पाच वाक्यांचा संवाद घ्यावा आणि तो तिसऱ्या माणसाने दुसऱ्या दिवशी सांगितल्यासारखा लिहावा. ‘आई म्हणाली की दूध आण’ अशी आज्ञा आली तर ‘दॅट’च्या भानगडीत पडू नये: ‘मदर टोल्ड मी टू ब्रिंग मिल्क.’ पृथ्वी गोल आहे अशा कायमच्या सत्याला मागे सरकवायची गरज नसते.

पॅसिव्ह व्हॉइस कशाला हवा? असं कोणी बोलत नाही.

‘रामाकडून आंबा खाल्ला जातो’ असं खरंच कोणी बोलत नाही. ज्याने कोणी हे वाक्य पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं, त्याने पिढ्यान्‌पिढ्यांचा गैरसमज करून ठेवला. सकाळचा पेपर मात्र उघडून बघा: ‘घाटात दरड कोसळल्याने वाहतूक बंद करण्यात आली. प्रवाशांना सुरक्षित ठिकाणी हलवण्यात आले.’ कोणी बंद केली? कोणी हलवलं? सांगितलेलं नाही, कारण बातमीला त्याची गरज नाही. हे ‘करण्यात आले’ म्हणजेच इंग्रजीतलं पॅसिव्ह: ‘द ट्रॅफिक वॉज स्टॉप्ड. द पॅसेंजर्स वेअर मूव्ह्ड टू अ सेफ प्लेस.’ यात ‘बाय’ कुठेही नाही, आणि बऱ्याचदा तो नसतोच.

सराव सोपा आहे. मराठी पेपरमधून ‘करण्यात आले’वाली चार वाक्यं कापा, वहीत चिकटवा, खाली इंग्रजी लिहा.

सेमी-इंग्रजीच्या मुलांना वेगळं काही करावं लागतं का?

त्यांच्या दप्तरात विज्ञानाचं इंग्रजी पुस्तक आहे, तो खजिनाच आहे. प्रयोगाची कृती आज्ञार्थात असते: ‘टेक अ टेस्ट ट्यूब. ॲड वॉटर टू इट.’ प्रयोगवहीत तीच लिहिताना ‘अ टेस्ट ट्यूब वॉज टेकन. वॉटर वॉज ॲडेड टू इट.’ एका प्रयोगात पॅसिव्हची आठ वाक्यं होतात आणि विज्ञानाची वहीही पूर्ण होते.

परीक्षेत याचा उपयोग किती?

दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीचा लेखी भाग ८० गुणांचा, अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचं. कृतिपत्रिकेत भाषाभ्यासाचा स्वतंत्र विभाग १० गुणांचा आहे. पण उताऱ्यांखालच्या कृतींमध्येही व्याकरण विचारतात. तिथे वाक्य उताऱ्यातूनच उचललेलं असतं, म्हणून मागचं-पुढचं वाचलं की बरंचसं उत्तर सापडतं. पत्र, संवाद, सारांश आणि भाषांतर यांतले गुण धरले, तर व्याकरणाचा वाटा त्या १० पेक्षा पुष्कळ मोठा भरतो. शिष्यवृत्ती परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात तृतीय भाषेचे २५ प्रश्न ५० गुणांना असतात, तिथेही उतारे येतात.

उतारा पाठ करू का?

मुद्दाम नको. पाच फेऱ्यांनंतर तो आपोआप पाठ होतो, तेवढा पुरे.

मला स्वतःला इंग्रजी येत नाही. मी मुलीला कशी मदत करू?

हा प्रश्न विचारताना आया आवाज खाली आणतात, म्हणून आधी हे सांगते: राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं. त्याआधी मराठी शाळांत एबीसीडी पाचवीत भेटायची. तुम्हाला येत नाही यात तुमचं काही चुकलेलं नाही.

आणि मदतीला इंग्रजी लागत नाही. मुलीला उतारा मोठ्याने वाचायला लावा आणि मराठीत विचारा: हे कधी झालं? आज, काल की रोज होतं? कोणी केलं? हा ‘तो’ म्हणजे कोण? एवढ्या प्रश्नांची उत्तरं शोधताना तिची निम्मी व्याकरणाची उजळणी होते. गुरुवारी तिने लिहिलेलं मराठी भाषांतर तुम्हीच तपासा. ‘वाक्य मराठीत बरं वाटत नाही’ असं तुम्हाला वाटलं, तर बहुतेक वेळा तिला इंग्रजीतलं काहीतरी कळलेलं नसतं.

वही तपासताना सगळ्या चुका दाखवायच्या का?

नाही. हे मी वाईट अनुभवातून शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलाच्या दहा ओळींवर मी तेवीस लाल खुणा केल्या, आणि मला वाटलं, काय मन लावून तपासलं! त्या मुलाने पुढचे दोन महिने वही ‘घरी राहिली’ म्हणून सांगितलं. आता एका वेळी एकच गोष्ट तपासते. या आठवड्यात काळ, तर फक्त काळ. आर्टिकल चुकलं तरी त्यावरून डोळे फिरवून पुढे जाते. आणि चुकीच्या शब्दावर खूण न करता त्या ओळीच्या समासात टिंब देते, चूक त्यानेच शोधायची.

वर्गात साठ मुलं आहेत. प्रत्येकाला उतारा छापून कुठून देऊ?

छापायची गरज नाही. उतारा नेहमीच्या वेगाने दोनदा वाचा. पहिल्यांदा मुलांनी फक्त ऐकायचं, दुसऱ्यांदा महत्त्वाचे शब्द टिपायचे. मग दोघा-दोघांनी मिळून टिपलेल्या शब्दांवरून उतारा पुन्हा उभा करायचा. शब्द न्‌ शब्द जुळायला नको, पण वाक्यं शुद्ध हवीत आणि अर्थ तोच हवा. याला ‘डिक्टोग्लॉस’ असं भारदस्त नाव आहे, साहित्य मात्र खडू आणि आवाज एवढंच लागतं. साठ मुलांचे तीस गट झाले की तपासायच्या वह्याही निम्म्या. वर्गात गोंगाट होतो. शेजारच्या वर्गाच्या सरांना आधी कल्पना देऊन ठेवावी.

मोबाइल आपोआप चुका दुरुस्त करतो. मग एवढा खटाटोप कशाला?

मोबाइल करतो, पण गुपचूप, आणि परीक्षेच्या खोलीत तो नसतो. वापरायचाच असेल तर आधी वहीत लिहा, मग तेच मोबाइलवर टाइप करा आणि त्याने काय काय बदललं ते वहीत लाल पेनाने मांडा. कधीकधी तो चुकीचंही सुचवतो. ते पकडणाऱ्याला मी वर्गात चॉकलेट देते.

सरावासाठी एखादा उतारा इथेच द्याल का?

हा घ्या. यात दहा चुका आहेत. खालची उत्तरं हाताने झाकून ठेवा.

‘माय ग्रँडफादर आर अ फार्मर. ही लिव्ह इन अ व्हिलेज निअर फलटण. ही हॅज अ काऊ अँड टू गोट्स. काऊ इज ओल्ड बट गोट्स आर यंग. एव्हरी संडे ही गोज टू द मार्केट अँड सोल्ड व्हेजिटेबल्स. लास्ट संडे आय गो विथ हिम. ऑलदो इट वॉज हॉट, बट ही वॉक्ड फास्ट. ही टोल्ड मी दॅट आय ॲम नॉट टायर्ड. वन ऑफ हिज फ्रेंड गेव्ह अस टी. दे डिस्कस्ड अबाऊट द रेन.’

उत्तरं अशी. ‘आर’चं ‘इज’, आजोबांचा मान मनात ठेवून. ‘लिव्ह’चं ‘लिव्ह्ज’. चौथ्या वाक्यात ‘द काऊ’ आणि ‘द गोट्स’, कारण दोघांची ओळख आधीच्या वाक्यात झाली, या दोन चुका. ‘सोल्ड’चं ‘सेल्स’, कारण दर रविवारचं आहे. ‘गो’चं ‘वेन्ट’, कारण हा गेला रविवार. ‘बट’ काढा, ‘ऑलदो’ पुरेसा आहे. ‘फ्रेंड’चं ‘फ्रेंड्स’, अनेक मित्रांपैकी एक म्हणून. ‘अबाऊट’ काढा. या नऊ झाल्या.

दहावी आहे ‘आय ॲम नॉट टायर्ड’. तिथे ‘ही वॉज नॉट टायर्ड’ हवं. यावर गेल्या वर्षी नववीतली एक मुलगी माझ्याशी भांडली. तिचं म्हणणं, ‘ॲम’चं ‘वॉज’ करते, पण ‘आय’ राहू दे, तो चूक नाहीच. मी विचारलं, मग अर्थ काय होतो? ती म्हणाली, ‘मॅडम, आजोबा नातवाला सांगतायत, तू काही दमलेला नाहीस, चल, उचल पिशवी.’ तिला पूर्ण गुण दिले.